कच्चा डाख

२ नोव्हेंबर, रविवार

आमच्या मुलानं, इंद्रजीतनं, पुण्याहून पाठवलेलं यंत्र आज कुरिअरनं आलं. कमरेला पट्ट्यानं बांधायचा छोटा भोंगा आणि तोंडापुढं येणारा माईक. यांनी ते अंगावर चढवलं, आरशात पाहिलं आणि त्यातून म्हणाले, "भंगार, रद्दी, लोखंड, जुनी बॅटरी." मग काढून ठेवलं. मला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही.

उभं आयुष्य यांनी मध्यवर्ती बसस्थानकात नियंत्रकाच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. नुसतं 'सिल्लोड' म्हणायचे तरी कोपऱ्यात झोपलेला माणूस पिशवी घेऊन उठायचा. आता छातीतली गाठ आवाजाच्या नसेवर दाबतेय. आवाज गेला, वारा तेवढा उरलाय. कानाजवळ तोंड आणलं तरच शब्द कळतात.

"मग काय लावाल?" मी विचारलं.

यांनी कपाटाकडं बोट केलं. लासूर स्टेशनच्या शाळेत माझं शेवटचं विज्ञान प्रदर्शन झालं, तेव्हा आणलेलं अ‍ॅम्प्लिफायरचं किट. कुणी जोडलंच नाही, ते माझ्याबरोबर निवृत्त होऊन घरी आलं.

"ते तू करून दे," म्हणाले. "तू केलेलं असंल तर लावीन."

"मला कुठं येतं?"

"सातवीला इज्ञान शिकवायचीस ना? व्हय का नाय?"

सातवीला मी विजेचं मंडल शिकवलं ते फळ्यावर, खडूनं. तरी पुडा फोडला. तळहाताएवढी हिरवी पट्टी, मूठभर सुटे भाग, एक स्पीकर, एक वाटाण्याएवढा माईक. हे पलंगावरून बघत होते. फार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर गंमत दिसली. म्हणून ठरवलं, करायचंच.

५ नोव्हेंबर, बुधवार

पैठण गेटला जाऊन डाख द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणि तारेचं रीळ आणलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बच्चे के वास्ते ना? हात संभालके." मी म्हटलं, हो, बच्चेच्या वास्ते.

लहानपणी गावात डाख लावणारा यायचा. फुटक्या घागरीला चांदीसारखा ठिपका लावून द्यायचा, आणि घागर पुन्हा विहिरीवर जायची. तेच हे काम, फक्त मुंगीएवढं.

सकाळचं ऊन खिडकीत येतं तिथं टेबल मांडलं. पलंगाकडं पाठ होते, पण उजेड तिथंच आहे. हे मागून काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, "अहो, जपून ठेवा आवाज. हे झालं की पोटभर बोला."

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळे भाग बसले. बोटाला दोन चटके. बॅटरी लावली, बटण दाबलं. काही नाही. खरखर नाही, दिवा नाही, काही नाही.

यांनी टाळ्या वाजवल्या. "का हो, बंद पडलंय," मी म्हटलं. तर खुणेनं म्हणाले, दिसतंय किती छान.

१० नोव्हेंबर, सोमवार

वरच्या मजल्यावर अमृता राहते, पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कॉलेजला निघाली होती, तिला जिन्यातच गाठलं. पट्टी उलटी करून तिनं भिंगातून पाहिली आणि ओठ दाबले.

"हसलीस तरी चालेल."

"काकू, तुम्ही डाख वर ठेवलाय. बसवलेला नाही. हे बघा, गोळी झालीय, पाण्याच्या थेंबासारखी. रंगही राखाडी. हे सगळे कच्चे डाख. दिसायला चिकटलेले, आतून सुटे."

चूक कळली. मी तार इस्त्रीवर वितळवून थेंब भागावर सोडत होते. आधी भागाचा पाय आणि खालचं तांबं, दोन्ही एकदम तापवायचे, मग तार तिथं टेकवायची. तापलेलं तांबं डाख आपण होऊन ओढून घेतं. पक्का डाख चमकतो, आणि पायाभोवती टेकडीसारखा उतरत जातो.

"दोन्हीकडं ऊब पाहिजे," ती म्हणाली. "एकच तापलं तर धरत नाही."

तिचं भिंग आणि जोड तपासायचा मीटरही ठेवून गेली. दोन टोकं लावायची. जोड पक्का असेल तर टूं वाजतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडं जाऊन आलो. आज फार चांगले बोलले. पथ्य सगळं काढून टाकलं. "यांना जे आवडतं ते खाऊ द्या," म्हणाले. पुढची इंजेक्शनंही बंद केली, उगीच त्रास नको म्हणून. दुखेल तेव्हा घ्यायच्या गोळ्या दिल्या. मला तर हलकंच वाटलं. रिक्षात यांना म्हटलं, बघा, गुण येतोय.

यांनी माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. मग कानाशी म्हणाले, "नानखलिया खायचा." शहागंजातून मागवला, नान आणि मटणाचा रस्सा. दोन घास खाल्ले, बाकी मला वाढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळे डाख पुन्हा दिले. दिवा लागला! पण स्पीकरमधून नुसती घूं, जशी आमच्या पाण्याच्या मोटारीची.

भिंगातून पाहिलं तर चिपच्या दोन पायांमध्ये डाखाचा केसाएवढा पूल. जिथं जोड नको तिथं जोडलं गेलंय. तांब्याची जाळीदार पट्टी ठेवून वर इस्त्री टेकवली की जादा डाख ती शोषून घेते. शोषला. घूं थांबली. आता दिवा आहे, शांतता आहे, आवाज नाही.

नळाला आज आठवड्याचं पाणी आलं. हे उठून दाराला धरत अंगणात गेले आणि मला मोटारीचा वॉल्व्ह दाखवायला लागले, कुठला आधी फिरवायचा, कुठला मग. मी म्हटलं, "तुम्ही आहात ना. मला कशाला?" तर हट्टानं माझा हात वॉल्व्हवर ठेवला. काल गॅस नोंदवायचं शिकवत होते, परवा मीटरच्या फ्यूजचं. माणूस घरात बसला की असा होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इंद्रजीत आला. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिलीय म्हणे, महिना-दीड महिना इथंच राहील. बरं झालं. आतल्या खोलीत लॅपटॉप लावून बसतो. यांच्या पायाला तेल लावत होता, मला पाहून तोंड फिरवलं. डोळे लाल. कामाचा ताण फार आहे त्याला.

आज गवारीची भाजी केली, यांची नेहमीची.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घात झाला. माईकजवळचा डाख तिसऱ्यांदा तापवताना खालचं तांब्याचं वर्तुळच उचकटून आलं. मिठाईवरचा वर्ख जसा. अमृता म्हणाली, फार तापवलंत, सारखं सारखं एकाच जागी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्याशा वर्तुळासाठी.

"उपाय आहे काकू. इथून तिथं एक तार टाकू. तांबं गेलं तरी रस्ता राहतो."

हे पलंगावरून हातानं बोलवत होते. मी गेले. म्हणाले, "रत्ना, बस जरा."

"तार टाकते आणि येते."

तार टाकेपर्यंत झोपले होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सिल्लोडहून आवडाबाई आल्या, यांच्या थोरल्या बहीण. यांनीच इंद्रजीतकडून फोन करवला होता, मला न सांगता. येताना हुरडा, तिळाची चटणी. पलंगावर मांडी घालून बसल्या आणि यांच्या तोंडाला कान लावून ऐकत राहिल्या. मध्येच मोठ्यानं हसल्या. "सांडू, लबाडा, ती शेळी तूच सोडली व्हय? अन् मार मी खाल्ला!"

हे हसताना खोकू लागले. खोकला थांबेना. मी धावले. "अक्का, नका ना बोलायला लावू त्यांना. दम लागतो. थोड्याच दिवसांत यंत्र होतंय."

आवडाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे. मग म्हणाल्या, "व्हय बाई." जाताना यांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रिक्षात बसेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. मला वाटतं, माझा राग आला त्यांना.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज बोलले! म्हणजे यंत्र बोललं.

माईक यांच्या कॉलरला लावला, पट्टी माझ्या हातात होती. बोट नकळत कोपऱ्यावर दाबलं गेलं आणि स्पीकरमधून खोलीभर आवाज आला, "रत्ना." चिरका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण यांचा. स्वयंपाकघरातून इंद्रजीत कपासकट धावत आला.

हे पुढं बोलत होते. "रत्ना, मला तुला" एवढं आलं आणि गेलं. मी बोट हलवलं, दाबलं, सोडलं. "थांबा, थांबा, आत्ता नका बोलू, जागा सापडू द्या!" जागा सापडली तेव्हा हे गप्प झाले होते. म्हटलं, "हं, बोला आता." त्यांनी मान हलवली. दमले होते.

अमृता म्हणाली, हा दोष सगळ्यात वाईट. तुटलेलं असेल तर मीटर सांगतो. पण कधी लागतो, कधी सुटतो, अशा जोडाला मीटरही फसतो. पेन्सिलच्या टोकानं एकेक भाग हलकेच ठोकत जायचं, जिथं खरखरेल तिथं तो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑक्सिजनचं यंत्र भाड्यानं आणलंय. रात्रंदिवस घरघरतं. इंद्रजीत म्हणाला, "मम्मी, आता ते किट राहू दे. पप्पांजवळ बस."

मी चिडले. "त्यांच्यासाठीच करतेय ना मी? का माझ्यासाठी?"

तो गेला निघून. सगळ्यांनाच काय झालंय?

ठोकून ठोकून तीन जागा हेरल्या. त्यातल्या दोन निर्दोष. तिसरा माईकच्या पायाचा डाख. वरून चमकतो, टेकडीसारखा उतरतो, कुठं खोट दिसत नाही. पण भिंग तिरपं धरलं तर पायाभोवती बारीक गोल भेग. गार होताना माझा हात हलला असणार.

३ डिसेंबर, बुधवार

हे सविस्तर लिहायला हवं.

सकाळी तो डाख पूर्ण काढला, पाय घासून स्वच्छ केला, पुन्हा दिला. गार होईपर्यंत श्वास रोखून धरला, हात दगडासारखा. मीटर टूं वाजला. पेन्सिलनं ठोकलं, हलवलं, वाकवलं. आवाज सुटला नाही. स्वतः बोलून पाहिलं: "एक, दोन, तीन." लख्ख. मी अमृताला आणि इंद्रजीतला हाका मारल्या. आम्ही तिघं पलंगाभोवती उभे, जसं काही उद्घाटन आहे.

माईक यांच्या कॉलरला लावला. बटण दाबलं.

खरखर आली. खरखर, मध्येच बुडबुडल्यासारखं, मग शिटी. मग पुन्हा खरखर.

"परत सुटला!" मी म्हटलं. पट्टी काढली, टेबलावर नेली, भिंगातून एकेक डाख तपासला. मीटर प्रत्येक ठिकाणी टूं. अमृतानंही तपासलं. तिनं माईक स्वतःच्या तोंडाजवळ धरून हळूच म्हटलं, "हॅलो, काकू." लख्ख, घंटेसारखं.

पुन्हा यांच्या कॉलरला. पुन्हा खरखर, बुडबुड, शिटी.

"ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर येत असेल," मी म्हटलं. इंद्रजीतनं ते क्षणभर बंद केलं. खरखर तशीच. वर, मग थांबली, मग खाली. वर, मग थांबली, मग खाली.

अमृतानं मान खाली घातली. इंद्रजीत भिंतीकडं वळला. यांची छाती वर आली की स्पीकर खरखरायचा, खाली गेली की शिटी. मी ते पाहत होते, ऐकत होते, आणि तरी तोंडातून निघालं, "अमृता, कुठला डाख राहिलाय गं?"

"काकू," ती म्हणाली. "एकही राहिला नाही. चांगलं झालंय किट."

यांनी हात लांब करून स्वतःच बटण बंद केलं.

अमृता गेली. इंद्रजीतनं ऑक्सिजन लावून दिला. मी इस्त्रीची वायर काढली. खुर्ची खिडकीतून उचलून पलंगाला लावली, आणि कान यांच्या तोंडाशी नेला. तिथं सगळं ऐकू येत होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल आणि आज नुसतं ऐकलं. एक वाक्य, मग बराच वेळ श्वास, मग दुसरं.

म्हणाले, "गवार मला आवडत नाय. कधीच आवडली नाय."

"अहो, लग्नापासून करतेय मी!"

"पहिल्या दिवशी चांगली झाली म्हणालो. मग काय."

मी हसले, आणि तेही. हसले की दम लागायचा, तरी मी थांबवलं नाही.

मग मी विचारलं, "मला जमेल असं वाटलं होतं का तुम्हाला? किटचं?"

"नाय."

"मग करायला का लावलं?"

म्हणाले, "तू नुसती माझ्याकडं बघत बसायची. तुझं तोंड बघवत नव्हतं. म्हणलं, हाताला काम असू द्यावं."

मी यांचं पांघरूण नीट केलं. मग विचारलं, "आणि त्या दिवशी? 'मला तुला' म्हणालात आणि आवाज गेला. काय सांगायचं होतं?"

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या आल्या.

"ध्यानात नाय," म्हणाले. "लई काही नसंल. असंच."

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आजच्या दिवशी पांढरा सदरा घालून हे भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला जायचे. सकाळी सदऱ्याची खूण केली. मी आणि इंद्रजीतनं तो चढवला. दोन सांडू मावतील एवढा सैल झालाय. भिंतीवरच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि आम्ही दोघांनी त्रिसरण म्हटलं. यांचे ओठ हलत होते. मी कान लावून बसले होते. शब्द नव्हते, पण चाल बरोबर होती.

९ डिसेंबर, मंगळवार

आज बोलणं नाही. हाक मारली की बोटं हलतात. मी बोलत राहिले. शाळेतलं, शेजारचं, काहीबाही. गवार पुन्हा आणणार नाही, असंही सांगितलं.

११ डिसेंबर, गुरुवार

सकाळी गेले. घरावरून विमान उतरत होतं, त्या आवाजात मला शेवटचा श्वास कळला नाही. माझा कान तिथंच होता, तरी.

२१ डिसेंबर, रविवार

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले होते. डेपोतले लोक आले, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं तेही. एकानं उभं राहून यांची नक्कल केली, सगळे हसले आणि मग सगळे रडले. आवडाबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी तुम्हाला मी..." त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "उगी," म्हणाल्या. "उगी."

पाहुणे गेल्यावर इंद्रजीत आणि मी राहिलो. तो उद्या पुण्याला जाणार. मला चल म्हणतोय, मी नंतर म्हटलंय. भांडी तशीच पडली होती. तो माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"मम्मी, पप्पा शेवटी तुझ्याशी काय काय बोलले? मी आतल्या खोलीत असायचो. मला वाटायचं, तुमच्यामध्ये येऊ नये."

मी सांगितलं. गवारीचं सांगितलं, तो हसला. हाताला काम असू द्यावं म्हणाले, ते सांगितलं. शेळीचं सांगितलं, ते खरं तर अक्कांना सांगितलेलं होतं. मग अजून काय, म्हणून आठवू लागले तर थोडंच निघालं. फार थोडं. एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या दिवसांतलं.

म्हणून पुन्हा गवारीचं सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं की हे आत्ताच सांगून झालंय, आणि मी थांबले. त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळे पुसले नाहीत, की आता झोप असं म्हणाला नाही. थोडा पुढं सरकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोल मम्मी," म्हणाला. "बोल."